गावाचा वारसा मांडताना : खान्देशातल्या प्रदर्शनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र दिन, जागतिक वारसा सप्ताह किंवा शाळेचा अमृतमहोत्सव जवळ आला की धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती आणि मंडळं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवतात. उत्साह असतो, वस्तूही असतात. अडतं ते नोंदीपाशी, मांडणीपाशी आणि परतीपाशी. तिथे नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

प्रदर्शन १ मेलाच भरवायला हवं का?

नाही. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन, १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. हवामानाचा विचार केला तर नोव्हेंबरच सगळ्यांत चांगला. ऊन उतरलेलं असतं, हवेत दमटपणा नसतो आणि शाळाही चालू असतात. तरीही १ मेचं एक मोठं बळ आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी येते आणि माहेरवाशिणी गावात असतात. झोक्यावरची गाणी, जुन्या वाड्यांची नावं, कोणाच्या घरात कोणतं भांडं होतं हे त्यांना पाठ असतं. त्यामुळे वस्तू आणि माहिती आखाजीला गोळा करायची आणि प्रदर्शन नोव्हेंबरात भरवायचं, ही वाटणी उत्तम. मेमध्येच भरवायचं असेल तर सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ एवढीच वेळ ठेवा. दुपारी पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याच्या सभागृहात माणूसही थांबत नाही आणि कागदही टिकत नाही.

महाराष्ट्र दिनाच्या प्रदर्शनात खान्देशचं काय दाखवायचं? सगळा इतिहास तर मुंबईतला.

हा समज फलक तयार छापून आणण्यातून होतो. १ मे १९६० ला राज्य झालं, त्याचा इथल्या कागदांवर थेट ठसा आहे. मूळच्या खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठाणं धुळे होतं. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन जिल्हे झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि साडेतीन वर्षांनी महाराष्ट्र. राज्य झालं तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा भागांतली काही गावं गुजरातला जोडली गेली. म्हणजे सीमा आपल्याच अंगणातून गेली. पूर्व-पश्चिम खानदेश ही नावं मागे पडून जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं रूढ झाली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

हे सगळं दाखवायला मोठ्या नकाशांची गरज नाही. एकाच घरातले तीन शाळा सोडल्याचे दाखले शेजारी लावा. आजोबांच्या दाखल्यावर 'जि. पश्चिम खानदेश', मुलाच्या दाखल्यावर 'जि. धुळे', नातीच्या दाखल्यावर 'जि. नंदुरबार'. घर तेच, गाव तेच. राज्य कसं घडलं हे यातून जेवढं कळतं तेवढं मोठ्या फ्लेक्समधून कळत नाही. त्याच्या जोडीला १ एप्रिल १९५७ नंतरचे नवे पैसे आणि आधीचे आणे ठेवा. रुपयाचे १६ आणे होते, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. त्या वर्षी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ग्रामपंचायतीचं जुनं इतिवृत्त, सोसायटीचं भागपत्र आणि सातबाऱ्याच्या जुन्या नकला हेही याच टेबलावर शोभतात.

स्वातंत्र्यलढ्यासाठी इथला मजकूर भरपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. सातपुड्यात १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांना झुंजवलं. हे पान गावोगावच्या फलकांवरून हमखास सुटतं, ते सुटू देऊ नका.

आमच्या गावात किल्ला नाही, लेणी नाहीत. मांडायचं काय?

शेती आणि स्वयंपाकघर. वखर, तिफण, चाडं, मोट, जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, खापर, पितळी डबे, कंदील. त्यापुढे जाऊन गावाचा व्यवसाय शोधा. सोनगीरला तांबटकाम, अमळनेरला गिरणी, भुसावळला रेल्वे, रावेर-यावलला केळी आणि जवळपास सगळीकडे कापूस. निवृत्त रेल्वे कामगाराची शिटी, हातदिवा आणि ड्यूटीचं कार्ड एवढ्यावर भुसावळच्या एखाद्या शाळेचं प्रदर्शन उभं राहू शकतं.

एक पथ्य पाळा. शंभर वस्तूंचा ढीग लावण्यापेक्षा चाळीस वस्तू माहितीसह मांडा. सहा बाय अडीच फुटी टेबलावर चार-पाच वस्तूच नीट दिसतात. चाळीस वस्तूंना नऊ-दहा टेबलं लागतात आणि शाळेच्या एका सभागृहात तेवढीच बसतात.

वस्तू घेताना काय काय लिहून घ्यायचं?

सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या. माहिती नसलेलं पितळी भांडं मोडीच्या भावाचं. तेच भांडं कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून, कोणत्या तांबटाकडून आलं हे लिहिलं की तो इतिहासाचा पुरावा होतो. माहिती सांगणारी माणसं थकत चालली आहेत. वस्तू दहा वर्षांनीही मिळेल, माहिती मिळेलच असं नाही.

एक जाड बांधणीची नोंदवही घ्या. सुटे कागद नकोत. प्रत्येक वस्तूला वर्ष, घर आणि वस्तू असा तीन भागांचा क्रमांक द्या. २०२६.७.३ म्हणजे २०२६ साली, सातव्या घरातून आलेली तिसरी वस्तू. त्यापुढे वस्तूचं गावातलं नाव, कशाची बनली आहे, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी-उंची, वजन, आधीची मोडतोड (उदा. 'कानाला चीर, बुडाला डाग दिलेला'), मालकाचं नाव, वस्तू घरात कशी आली, किती वर्षं वापरात होती, वापर कधी आणि का थांबला आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटचे दोन रकाने बहुतेक वह्यांत नसतात. वापर का थांबला याचं उत्तर (वीज आली, पिठाची गिरणी आली, विहीर आटली) हाच तुमच्या फलकाचा मजकूर असतो.

चारही बाजूंनी फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा. पोचपावती दोन प्रतींत करा, एक मालकाला, एक वहीत. तीवर परतीची तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात. क्रमांक वस्तूवर मार्करने कधीच लिहू नका, तो निघत नाही. पांढऱ्या कापडी फितीवर लिहून सुती दोऱ्याने बांधा. कागदावर लिहायचं तर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने. कापडावर फीत दोन सैल टाक्यांनी.

मापं आणि वजनं आली आहेत. पायली म्हणजे किती किलो, असं लिहावं का?

आकडा पुस्तकातून उचलू नका. शेर-पायलीचं प्रमाण गावागावाला आणि धान्याधान्याला बदलत होतं. आलेलं माप कोरड्या ज्वारीने शिगोशीग भरा, ती ज्वारी काट्यावर तोला आणि 'या मापात इतकी ज्वारी मावते' असं लिहा. हे कोणी खोडून काढू शकत नाही.

घरात मोडी कागदांचं गाठोडं निघालं. ते उघडायचं कसं आणि साल कसं ओळखायचं?

घाईने उघडू नका. गुंडाळ्या कडक झाल्या असतील तर उलगडताना घडीवरच तुकडे पडतात. सावलीच्या खोलीत, पंखा बंद करून, कोरड्या स्वच्छ हातांनी एकेक कागद काढा आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ठेवा. तो क्रम हीसुद्धा माहिती असते. फाटक्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि अक्षर खाली जातं. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते परत काढताच येत नाही. चिटकवायचंच झालं तर गव्हाच्या पिठातल्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ हातकागद वापरतात, पण ते काम शिकलेल्या हाताचं. तुम्ही फक्त आम्लविरहित कागदात ठेवा आणि सपाट पेटीत घाला.

प्रदर्शनात मूळ कागद ठेवू नका, रंगीत प्रत ठेवा. प्रत काढताना फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. कॅमेरा कागदाला समांतर धरा. स्कॅनर असेल तर ४०० डीपीआय.

साल ओळखायला थोडं गणित लागतं. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशक असं : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. एकम आधी आणि हजार शेवटी. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, म्हणजेच ११७३. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं. म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. आपला कागद १७७२ किंवा १७७३ चा. तारखेपुढचा 'छ' म्हणजे चंद्र. तो मुसलमानी महिन्याचा दिवस असतो आणि नेमकी इंग्रजी तारीख काढायला जंत्री पाहावी लागते.

दख्खनी फसली सन असेल तर त्याच हिशोबाने ५९० किंवा ५९१ मिळवा. शके असेल तर ७८, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या कागदाला ७९. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या चोपड्यांवर विक्रम संवत असतो आणि तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो. त्यातून ५७ वजा करा, जानेवारी ते आश्विनपर्यंतच्या नोंदींना ५६. खान्देशात व्यापाऱ्यांच्या वह्या पुष्कळ सापडतात आणि घोटाळा नेमका इथेच होतो : संवत शके समजून ७८ मिळवतात आणि वही भविष्यातली निघते.

वाचून घ्यायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. गावातला एखादा विद्यार्थी त्या वर्गाला पाठवणं ही प्रदर्शनाच्या खर्चातली सगळ्यांत टिकाऊ बाब.

तांब्या-पितळेची भांडी पीतांबरी लावून चकचकीत करावीत का?

नाही. चिंच, लिंबू, राख, पीतांबरी, कशानेही नाही. भांड्यावरचा तपकिरी काळसर थर धातूला जपतो, शिवाय घासताना कोरलेली नावं आणि तारखा दरवेळी थोड्या पुसट होतात. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, बस. नाण्यांना तर हातही कडेनेच लावायचा. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो नुसता जुनेपणा नाही, गंज आतून चालू आहे. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवा.

जुने फोटो काचेला चिकटले आहेत. काढावेत का?

काढू नका. फोटोचा वरचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसकट, तिरकस उजेडात, चमक टाळून फोटो काढा आणि प्रत मांडा. सुट्या फोटोंचं स्कॅनिंग ६०० डीपीआयला करा. मागे लिहिलेला मजकूर आणि स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करा. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहून घ्या. गावात ती ओळखणारं कोणी आहे तोवरच.

लुगडी, पागोटी, शालू यांना कसर लागली आहे.

डांबरगोळ्यांनी कसर मरेलच असा भरवसा नाही, वास मात्र बसतो. कापड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवा, नाहीतर थंड कापडावर पाणी सुटतं. जरीची जुनी लुगडी खिळ्यावर किंवा हँगरवर टांगू नका. जरीच्या वजनाने खांद्यापाशी फाटतात. उतरत्या फळीवर, खाली धुतलेलं मांजरपाट घालून पसरा. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुवा म्हणजे खळ निघून जाईल.

टेबलं, उजेड आणि गर्दी : मांडणी कशी असावी?

टेबलाची उंची ७५ ते ८० सेंटिमीटर. भिंतीवरच्या चौकटींचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. प्राथमिक शाळेची मुलं येणार असतील तर ११५. टेबलांमधली वाट पाच-सहा फूट ठेवा, कारण गावात प्रदर्शनाला कुटुंबच्या कुटुंब येतं. दाराला पायरी असेल तर उतार एकास बारा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. आजीबाईंना आत येता आलं तरच वस्तूंची नावं सांगायला कोणी असेल.

कागद, कापड आणि हातरंगी चित्रांना उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. खिडक्यांना जाड पडदे लावा आणि हॅलोजन मुळीच नको. त्याची उष्णता जवळच्या लाकडाला चीर पाडते. कूलर लावणार असाल तर त्याचं तोंड वस्तूंकडे करू नका. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसभर कोरडी असलेली लाकडी पेटी संध्याकाळी कूलरच्या ओल्या हवेत फुगते, रात्री पुन्हा आकसते आणि सांधे उघडतात. दिवसागणिकचा हा चढउतार नुसत्या उष्णतेपेक्षा घातक असतो. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटरीचे दिवे ठेवा, मेणबत्त्या नकोत.

पाट्या कशा लिहाव्यात?

वस्तूची पाटी साठ शब्दांच्या आत, अक्षर किमान १८ पॉइंट. पहिल्या ओळीत वस्तूचं नाव, दुसऱ्या-तिसऱ्यात तिचं काम आणि घराणं, शेवटी गाव आणि साल. 'प्राचीन', 'अतिप्राचीन', 'दुर्मीळ' हे शब्द गाळा. साठ वर्षांचा ट्रान्झिस्टर प्राचीन नसतो, पण 'शेतकऱ्याने कापूस विकून घेतलेला गल्लीतला पहिला रेडिओ' हे खरं असेल तर तेवढंच पुरेसं आहे. साल नक्की नसेल तर 'सुमारे १९४०-५०' असं लिहा. मालकाचं नाव लिहायचं की नाही ते मालकाला विचारा. चांदीच्या वस्तूंबाबत बहुतेकांना नाव नको असतं आणि ते रास्त आहे.

मजकूर अहिराणीत लिहिला तर चालेल का?

चालेलच, लिहावाच. प्रमाण मराठीखाली दोन ओळी अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत किंवा भिलीत, गावात जी बोलतात तीत. सांगणाऱ्याच्या तोंडचं लिहिताना 'माले'चं 'मला' आणि 'आते'चं 'आता' करू नका. गाणी आणि आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, कॉलरला लावायचा साधा माइक आणि डब्ल्यूएव्ही फाइल. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि 'हे ऐकवायला माझी हरकत नाही' हे वाक्य त्यांच्याच आवाजात घ्या. आखाजीची, भुलाबाईची, कानबाईची गाणी आणि वहीगायन एकाच फाइलीत कोंबू नका. प्रत्येक गाणं वेगळं ठेवा, नाहीतर पुढे शोधताना कोणालाच सापडत नाही. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर.

देवघरातल्या किंवा आदिवासींच्या देवाच्या वस्तू मांडाव्यात का?

ज्यांचा देव त्यांना विचारून, आणि ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडावा. कानबाईची मांडणी तिच्या दिवसांतच होते, एरवी तिची नक्कल मांडणं बऱ्याच घरांना रुचत नाही. डोंगऱ्यादेवाच्या किंवा वाघदेवाच्या वस्तू टेबलावर ठेवून खाली पाटी लावणं हा तर त्या समाजाचा अवमान ठरतो. पावरी, तारपा ही वाद्यं, टोपल्या, मासे पकडायची साधनं यांबद्दलही फलक त्याच पाड्यातल्या माणसांनी लिहिलेला असावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या वस्तूंवर शहरातल्या शिक्षकाने अंदाजाने लिहिलेली पाटी बहुधा चुकते आणि ती चूक मग वर्षानुवर्षं कॉपी होत राहते.

तलवार, मूर्ती, हरणाची शिंगं आली आहेत. कायद्याने चालतं का?

प्रत्येकाचा कायदा वेगळा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. दगडी आणि धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी मालकाला करावी लागते. मालकाकडे नोंदणीपत्र आहे का ते पाहा. शेतात नांगरताना सापडलेली नाणी किंवा दागिने हे वेगळंच प्रकरण आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. असा ऐवज प्रदर्शनात मांडणं म्हणजे सापडणाऱ्यालाच अडचणीत आणणं. तलवारी, भाले, ठासणीच्या बंदुका यांच्यासाठी पोलीस ठाण्याला आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि शस्त्रं कुलूपबंद काचपेटीतच ठेवा. हरणाची शिंगं, वाघाचं कातडं, नखं, हस्तिदंत यांना वन्यजीव कायदा लागतो. मालकी प्रमाणपत्र नसेल तर घेऊच नका.

गावकुसाबाहेर वीरगळ पडून आहे. उचलून शाळेत आणावा का?

नाही. वीरगळ जिथे आहे तिथल्या लढाईची, गोधन राखल्याची किंवा वेशीची खूण असतो. हलवला की तो नुसता दगड होतो. जागेचे अक्षांश-रेखांश, मापं आणि फोटो घ्या. कोरीव काम उठावदार दिसायला खडू, पीठ किंवा तेल चोळू नका, त्याने दगडाची झीज होते. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री बॅटरी बाजूने धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात. शेंदूर फासलेला असेल तर खरवडू नका. माहिती पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पत्राने कळवा.

वारसा फेरी किती मोठी असावी?

दोन किलोमीटर, दीड तास, सहा-सात थांबे, एका माहितगारामागे पंचवीस माणसं. मेमध्ये सकाळी साडेसहाला निघा. वेस, पार, चावडी, बारव, गढी, जुनी शाळा अशी वाट बहुतेक गावांत निघते. बारवेत उतरू देऊ नका. शेवाळाच्या पायऱ्या आणि मधमाश्या ही तिथली दोन खरी संकटं. लळिंग, थाळनेर किंवा बलसाण्याला नेणार असाल तर संरक्षित स्मारकावर मंडप, ध्वनिक्षेपक किंवा फलक लावायला आधी परवानगी लागते. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला पूर्ण मनाई आहे.

खापरावरचे मांडे करून दाखवायचे आहेत.

लोक सर्वांत जास्त इथेच थांबतील, म्हणून जागा सभागृहापासून तीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवी, नाहीतर धूर आणि तूप वस्तूंवर बसतं. खापर एकदम जाळावर ठेवलं किंवा तापल्यावर पाण्याचा थेंब पडला की तडकतं. पहिला अर्धा तास मंद आच आणि जवळ दोन जादा खापरं ठेवा. पीठ वस्त्रगाळ आणि कणीक अगदी सैल लागते. ती कोरड्या वाऱ्यात सुकते, म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवा. वाळूच्या दोन बादल्या हाताशी असू द्या. मांडे करणाऱ्या बाईंना मानधन द्या. ती कला आहे.

फलकांवर नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या?

अजिंठा लेणी जळगाव जिल्ह्यात दाखवणं. जळगाव हे सोयीचं स्टेशन आहे, लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. पितळखोऱ्याचंही तेच, चाळीसगावहून जवळ असलं तरी. 'गीता प्रवचने' साने गुरुजींच्या नावावर टाकणं : प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिली, गुरुजींनी ती उतरवून घेतली. गुरुजींचा जन्म अमळनेरचा लिहिणं : ते कोकणातल्या पालगडचे, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आणि तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांची गल्लत. बालकवींचं जन्मगाव धरणगाव (१८९०), त्यांचा अंत १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ झाला. ही दोन गावंही उलटसुलट होतात. आणि १९६० च्या नकाशात नंदुरबार जिल्हा रंगवणं.

मांडणी शिकायला आधी काय पाहावं?

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेले कागद जपायला पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. तिथे दप्तरं बांधण्याची पद्धत नीट पाहा. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतून आणलेली हस्तलिखितं आहेत. पोथ्या कशा गुंडाळाव्यात हे तिथे कळतं. जळगावच्या गांधीतीर्थात आधुनिक फलक, आवाज आणि उजेड यांचा मेळ दिसतो. चाळीसगावला केकी मूस यांचं घर पाहा. एका माणसाची छायाचित्रं, चित्रं आणि त्याची राहती जागा एकत्र कशी ठेवावी याचा धडा तिथे मिळतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावीही जावं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाचा उल्लेख असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथला. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, कारण सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत.

वस्तू परत करताना गोंधळ होतो. काय करावं?

गोंधळ होतो कारण मांडताना फिती 'वाईट दिसतात' म्हणून काढतात आणि समारोपानंतर सगळे एकदम आवरायला लागतात. फीत काढायची नाही, वस्तूमागे लपवायची. समारोपाच्या रात्री काहीही हलवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी बसावं : एकाने वहीतला क्रमांक वाचावा, दुसऱ्याने वस्तू फोटोशी ताडून मालकाच्या हाती द्यावी आणि पोचपावतीवर सही घ्यावी. चार सारखे तांबे आले असतील तर वजनाचा रकाना कामी येतो. काही मोडलं असेल तर मालकाला तिथेच दाखवा आणि वहीत लिहा. कोणी 'राहू द्या शाळेतच' म्हणालं तर तोंडी घेऊ नका. दानपत्र लिहून घ्या, त्यावर घरातल्या आणखी एका सज्ञान वारसाची सही घ्या, आणि वस्तू ठेवायला कुलुपाचं, वाळवी न लागणारं लोखंडी कपाट आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती मालकाच्याच घरी जास्त सुरक्षित आहे. नोंद आणि फोटो मात्र तुमच्या वहीत राहू द्या.